गायरानातला माल आणि मोंढ्याची वाट

माझे वडील (आम्ही त्यांना दादा म्हणतो) आयुष्यभर माल विकत आले, पण मोंढ्यात त्यांनी पहिल्यांदा पाऊल ठेवले ते वयाच्या साठीनंतर. त्याआधी त्यांचा सगळा माल गावातल्याच एका व्यापाऱ्याच्या काट्यावर गेला. मी दहा वर्षांचा असताना पोळ्याच्या तोंडावर त्यांच्याबरोबर त्या दुकानी गेलेलो मला स्पष्ट आठवते. डोक्यावर मुगाचे पोते होते. दादा ओट्याखाली उभे राहिले. दुकानदार माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनीच मोठा असेल; पण त्याने वडिलांच्या नावाचे शेवटचे अक्षर मोडून त्यांना हाक मारली. पोत्यात हात घालून मूठभर मूग काढला, दोन दाणे दाताखाली धरले आणि म्हणाला, "हवा आहे. दोन किलो जातील." दादा म्हणाले, "जाऊ द्या शेठ, तुम्ही म्हणाल ते." भाव किती हे त्यांनी विचारलेच नाही. मी घरी येताना विचारले, तेव्हा म्हणाले, "भाव इचारला की मागची उधारी निघती, बाळा."

आज मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. आठ वर्षे तासिका तत्त्वावर काढली. वर्गात मागणी, पुरवठा आणि किंमत यांच्या रेषा फळ्यावर काढताना दर वेळी मला तो ओटा आठवतो. पुस्तकात ज्या बिंदूवर दोन रेषा एकमेकींना छेदतात, त्या बिंदूवर दोन माणसे समोरासमोर उभी असतात. एक ओट्यावर आणि एक ओट्याखाली. हे पुस्तक सांगत नाही. म्हणून हा लेख लिहीत आहे. लहान शेतकऱ्याला खात्रीचा गिऱ्हाईक कसा मिळेल, ही चर्चा आज सरकारी कागदांपासून कंपन्यांच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे चालली आहे. या चर्चेत आपला माणूस कुठे बसतो, हे आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यायला हवे.

एक

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या सभांतून व्यापाऱ्याला लुटारू म्हणण्याची रीत आहे. तो लुटतो हे खरे. पण मग आपला माणूस पुन्हापुन्हा त्याच्याच दारी का जातो? तो अडाणी आहे म्हणून? मुळीच नाही. मी दादांना हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी बोटे मोडून कारणे सांगितली. तो रात्री अकरालाही दार उघडतो. मिरगात खताचे पोते उधार देतो. पोरगी आजारी पडली तर उचल देतो. पोते असो की पायली असो, घेतो. आणि सातबारा मागत नाही.

शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याकडे पुढे येतो. पण ही यादी पाहा. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हा एकच माणूस बँक आहे, खत दुकान आहे, गोदाम आहे, वाहतूकदार आहे आणि खरेदीदारही आहे. खात्रीचा गिऱ्हाईक म्हणजे जो ऐन वेळी पाठ फिरवत नाही तो, अशी व्याख्या केली, तर आमच्या वस्तीला खात्रीचा गिऱ्हाईक केव्हाच मिळालेला आहे! त्या खात्रीची किंमत मात्र तो आमच्याकडून दर पोत्यामागे वसूल करतो. तेव्हा केवळ "त्याला माल देऊ नका" असे सांगून भागत नाही. तो जी पाच कामे करतो ती पाचही दुसऱ्या कोणीतरी केल्याशिवाय त्याच्या तावडीतून माणूस सुटत नाही. बाजाराला जोडणे याचा खरा अर्थ हा आहे. नुसता मोठ्या गिऱ्हाइकाचा पत्ता हाती दिला म्हणजे जोडणी झाली, असे नव्हे.

ही किंमत नेमकी किती? २०२४ च्या हंगामातला आमच्या घरचाच हिशेब मांडतो. तीन एकरांत सोयाबीनची रास झाली दहा क्विंटल. दिवाळीच्या सुमारास गावातला व्यापारी ३,९०० रुपये भाव सांगत होता आणि क्विंटलमागे दोन किलो कडता धरत होता. म्हणजे दहा क्विंटल देऊन नऊ क्विंटल ऐंशी किलोंचे पैसे : ३८,२२० रुपये. त्या वर्षी सरकारने जाहीर केलेला हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. चाळणी मारून पंधरा किलो काडीकचरा गेला असे धरले, तरी ४८,१८६ रुपये होतात. वाहतूक, हमाली, बारदाना वजा जाता घरी सत्तेचाळीस हजार यायला हवेत. ३८ आणि ४७ यांत नऊ हजारांची दरी आहे. दादांच्या आणि मायच्या पाच महिन्यांच्या राबणुकीवरचा हा कर आहे. तो कोणत्याही विधिमंडळाने बसवलेला नाही.

दोन

ही दरी दिसताच कोणीही म्हणेल : मग हमीभावाच्या केंद्रावर माल का नेला नाही?

केंद्रावर माल न्यायचा तर आधी नोंदणी करावी लागते. नोंदणीला आधार कार्ड, बँकेचे खातेपुस्तक आणि सातबारा लागतो. त्या सातबाऱ्यावर चालू हंगामात सोयाबीनची पीकनोंद असावी लागते. ही नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची आहे. तिला ई-पीक पाहणी म्हणतात. मग केंद्राकडून निरोप येईल त्या तारखेला माल न्यायचा. तिथे ओलावा मोजण्याचे यंत्र लावतात. बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला तर माल परत. (२०२४ मध्ये परतीचा पाऊस लांबल्यामुळे ही मर्यादा नोव्हेंबरात पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली, पण तोवर बहुतेक गरिबांनी माल विकून दिवाळी केली होती.) हेक्टरी किती क्विंटल घ्यायचे याचीही मर्यादा असते. आणि पैसे रोख मिळत नाहीत. कधी पंधरवड्याने, कधी त्याहून उशिरा खात्यावर येतात. ज्याच्या डोक्यावर उधारी आहे त्याला हा उशीरच परवडत नाही. धान्यखरेदीच्या प्रश्नावर नेमलेल्या शांताकुमार समितीने २०१५ मध्ये सांगितले होते की, देशातील जेमतेम सहा टक्के शेतकऱ्यांना हमीभावाच्या सरकारी खरेदीचा लाभ मिळतो. उरलेले चौऱ्याण्णव कोण, हे आपल्या वस्त्यांत उभे राहिले की दिसते.

आणि दादांची गोष्ट तर त्याच्याही अलीकडे थांबते. त्यांच्या नावावर सातबाराच नाही. ते तीन एकर गायरान आहे.

तरुण वाचकांसाठी इतिहास थोडक्यात सांगतो. गावगाड्यातल्या चाकरीबद्दल महारांना ज्या वतनी आणि इनामी जमिनी होत्या, त्या पश्चिम महाराष्ट्रात १९५८ च्या कनिष्ठ गाववतने रद्द करण्याच्या कायद्याने आणि आमच्या मराठवाड्यात १९५४ च्या हैदराबाद इनाम रद्द कायद्याने सुटल्या. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात वतनाचा प्रश्न विधेयकाच्या रूपाने मांडला होता. पण सुटलेल्या जमिनी तुकड्या-तुकड्यांत होत्या आणि बऱ्याच जमिनींवर नव्या शर्तीचा, म्हणजे भोगवटादार वर्ग दोनचा, शिक्का राहिला. परवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणून बँक तारण घेताना नाक मुरडते. ज्यांना तेवढेही नव्हते त्यांनी पडीक आणि गायरान फोडले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून जे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यांची ही मागणी होती. माझे आजोबा त्या दुसऱ्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. आमचे तीन एकर ही त्या तुरुंगाची कमाई.

१४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करावीत, असा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला. काहींच्या नावे जमिनी झाल्या. दादांचा अर्ज आजही कुठल्या तरी कपाटात आहे. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश देशभरातील राज्यांना दिला. त्या निकालात भूमिहीनांना आणि मागासवर्गीयांना सरकारने दिलेल्या पट्ट्यांसाठी अपवाद ठेवलेला आहे. पण पट्टाच हातात नाही, त्याला अपवादाचा काय उपयोग?

आता या कागदाच्या अभावाचे परिणाम मोजा. सातबारा नाही म्हणून सोसायटीचे पीककर्ज नाही. कर्ज नाही म्हणून खत उधार. खत उधार म्हणून माल त्याच दुकानी. सातबारा नाही म्हणून ई-पीक पाहणी नाही, पीकनोंद नाही म्हणून हमीभावाचे केंद्र नाही. पीकविमा नाही. वर्षाचे सहा हजार रुपये देणारी केंद्राची सन्माननिधीची योजना नाही. सरकारच्या कागदावर दादा शेतकरीच नाहीत. त्यांच्या रानात पिकलेले सोयाबीन व्यापाऱ्याच्या गोदामात जाते तेव्हाच ते "शेतमाल" होते.

आणि हे केवळ गायरानधारकांचे दुःख नाही. बटाईने शेती करणारे, नवऱ्याच्या मागे वारसनोंद न झालेल्या विधवा, भावांच्या सामाईक खात्यात नाव अडकलेले, हे सगळे याच वेशीबाहेर उभे आहेत. त्यांत सर्व जातींची माणसे आहेत. पण आपली अधिक आहेत, कारण जमिनीचा कागद आपल्याकडे सर्वांत उशिरा आला.

तीन

मग मोंढा तरी आपला आहे काय?

मोंढ्याचा इतिहास जुना आहे. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. निजामी राज्यात १९३० मध्ये आणि मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये शेतमालाच्या बाजाराचे कायदे झाले. महाराष्ट्र झाल्यावर १९६३ मध्ये आजचा पणन कायदा आला. या कायद्यांमागचा विचार चांगला होता. त्यापूर्वी रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत, वजने खोटी असत, धर्मादायाच्या आणि वासराच्या नावाने माल काढून घेतला जाई. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हाची ही दुनिया. कायद्याने उघडा लिलाव, प्रमाणित वजन, छापील हिशोबपट्टी आणि परवानाधारक मापाडी आणले. म्हणून मोंढा मोडावा असे मी म्हणणार नाही. २०२० मध्ये केंद्राने तीन कायदे करून बाजार समितीच्या आवाराबाहेरचा व्यापार मोकळा केला, तेव्हा मोठे आंदोलन झाले आणि २०२१ मध्ये ते कायदे मागे घ्यावे लागले. त्या वादात एक बाजू म्हणत होती, शेतकऱ्याला मोंढ्यातून मुक्त करा. दुसरी म्हणत होती, मोंढा वाचवा. दादांना दोन्ही बाजूंचे नवल वाटले. ते मोंढ्यात कधी गेलेच नव्हते, तर त्यातून मुक्त कसे होणार?

आपला माणूस मोंढ्यात नाही असे मात्र नाही. पाठीवर पोते घेऊन पळणारा तोच आहे. हमाल म्हणून तो तिथे शंभर वर्षे आहे. डॉ. बाबा आढावांसारख्यांच्या संघर्षातून १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि त्या पाठीला थोडा आधार मिळाला. पण बाजार समितीचा कारभार कोणाकडे? २०२३ च्या निवडणुकांत अठरा संचालकांपैकी अकरा जागा सेवा सोसायट्यांच्या मतदारसंघाच्या, चार ग्रामपंचायतींच्या, दोन व्यापारी-आडत्यांच्या आणि एक हमाल-मापाड्यांची होती. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून एक जागा, तीही ग्रामपंचायतीच्या चारांतली. सोसायटीचे सभासदत्व सातबाऱ्यावर. २०१७ मध्ये कायदा बदलून दहा गुंठ्यांच्या शेतकऱ्याला थेट मत दिले होते, ते २०२० मध्ये काढून घेतले. पण ते होते तेव्हाही अट नावावरच्या जमिनीचीच होती. वेस तीच.

याच मोंढ्यांना संगणकाने जोडणारी राष्ट्रीय कृषी बाजार योजना १४ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, सुरू झाली. दूरच्या गावचा व्यापारी आपल्या मालावर बोली लावू शकेल, ही कल्पना उत्तम आहे. पण दूरच्याने बोली लावायची तर माल न पाहता त्याची प्रत कळली पाहिजे. त्यासाठी तपासणी हवी. आणि दोन पोत्यांसाठी दूरचा माणूस गाडी पाठवत नाही. यंत्राने पोत्यांची संख्या वाढत नाही. ती माणसांनी एकत्र येऊन वाढवावी लागते.

चार

येथे बाबासाहेबांच्या एका जुन्या निबंधाची आठवण होते. भारतातील लहान धारणक्षेत्रांचा प्रश्न आणि त्यावरील उपाय यांवर त्यांनी १९१८ मध्ये लिहिले. त्या काळी सगळे म्हणत होते, तुकडे एकत्र करा, शेत मोठे करा, प्रश्न सुटेल. बाबासाहेबांनी वेगळा मुद्दा मांडला : शेत लहान की मोठे हे नुसत्या क्षेत्रावरून ठरत नाही, त्या जमिनीबरोबर भांडवल आणि श्रम किती आणि कसे जोडले आहेत, यावर ठरते. भांडवल नसेल तर मोठे शेतही परवडत नाही. शेतीवर बसून राहिलेल्या जादा श्रमाला उद्योगांत वाट काढली पाहिजे, हा त्यांचा उपाय होता. पुढे १९४७ च्या निवेदनात तर त्यांनी शेती राज्याच्या मालकीची आणि सामुदायिक पद्धतीने कसण्याची असावी, अशी मांडणी केली.

हा विचार बाजाराला लावून पाहा. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातले सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर निघाले, अनुसूचित जातींचे ०.७८ हेक्टर. पाऊण हेक्टरवाल्याला बाजारात जे कमी पडते ते केवळ क्षेत्र नाही. त्याला ताडपत्री कमी पडते, चाळणी कमी पडते, काटा कमी पडतो, दोन महिने थांबण्याची ताकद कमी पडते. ही सगळी भांडवलाचीच रूपे आहेत, आणि ती सामाईक घेता येतात. जमीन एकत्र करायला पिढ्या लागतील. काटा एकत्र घ्यायला एक बैठक पुरते.

अशी बैठक आम्ही घेतली. २०२३ च्या खरिपात वस्तीतल्या सतरा घरांनी मिळून एक गट केला. शेतकरी उत्पादक कंपनी काढावी, असा पहिला विचार होता. २००२ पासून कायद्यात तशी सोय आहे. दहा उत्पादक मिळूनही ती काढता येते. नाशिककडे द्राक्षवाल्यांनी या मार्गाने मोठे काम उभे केले आहे. पण २०२० च्या केंद्रीय योजनेतली मदत हवी तर सपाट मुलखात तीनशे सभासद हवेत, आणि आम्ही विचारणा केली तिथे प्रत्येकाचा सातबारा मागितला. म्हणून कंपनीचा नाद सोडून बायकांच्या बचतगटाच्या आधारानेच काम सुरू केले. इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. ओलावा मोजण्याचे यंत्र भाड्याने आणले. चाळणी घेतली.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो, तेही सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मोंढ्यात क्विंटलला ४,८०० च्या आसपास मिळत होते. थांबले की भाव वाढतो, असे मीच सर्वांना शिकवले होते, शिकलेला म्हणून! माल ठेवला. फेब्रुवारीत ४,३०० ला विकावा लागला. सोयाबीनचा भाव आपल्या गावात ठरत नाही. बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावर सरकार किती आयातशुल्क लावते आणि परदेशात ढेपेला काय भाव आहे, यांवर तो हलतो. त्यावर डाव लावण्याची ऐपत गरिबाची नाही. धडा असा निघाला की, सगळा माल एकदम विकू नये आणि सगळा ठेवूही नये. तिसरा हिस्सा लगेच विकून देणी भागवावीत, उरलेला दोन टप्प्यांत काढावा. थांबण्यासाठी कर्ज हवे तर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे : बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने एकशे ऐंशी दिवसांसाठी मिळते. १९९० पासूनची ही योजना आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? (तिथेही सातबारा मागतात, म्हणून आमच्यातल्या सहा कागदवाल्यांनाच ती घेता आली.)

दुसऱ्या वर्षी एका तेल-ढेपेच्या कारखान्याशी आधीच बोलणे केले. कारखान्याने सरळ सांगितले : शंभर क्विंटलची गाडी भरून आणा, ओलावा दहाच्या आत ठेवा, सांगितलेल्या दिवशी आणा. सातबारा त्यांनी मागितला नाही, माल मागितला. आमच्याकडे भरत होते चौसष्ट. म्हणून शेजारच्या मराठा आणि धनगर अल्पभूधारकांना बोलावले. ते आले. पण माल गोळा कुठे करायचा यावर दोन बैठका गेल्या. विहाराच्या अंगणात आणायला त्यांचे पाय अडखळत होते, देवळाच्या सभामंडपात न्यायला आमचे. शेवटी शाळेच्या आवारात थप्पी लागली. गाडीत पोती भरली तेव्हा कुणाचे कोणते हे चिठ्ठीशिवाय ओळखू येत नव्हते. ही लहान गोष्ट आहे, पण ती त्या गावात पूर्वी घडली नव्हती.

वाहतूक वजा जाता ४,२८० रुपये भाव पडला. दादांच्या मालाचे खर्च जाऊन ४१,७५८ रुपये सहाव्या दिवशी खात्यावर आले. गावातल्या काट्यापेक्षा साडेतीन हजार जास्त. आता वरच्या हिशेबाशी जोडून पाहा. नऊ हजारांच्या दरीपैकी साडेतीन हजार आम्ही एकजुटीने, चाळणीने आणि काट्याने भरून काढले. उरलेले पाच हजारांवर रुपये बाजारात अडकलेले नाहीत. ते तहसील कचेरीच्या कपाटात अडकलेले आहेत. बाजारसुधारणेच्या कितीही योजना आल्या तरी त्या पाच हजारांना हात लागणार नाही. तो जमिनीच्या हक्काचा प्रश्न आहे.

पाच

या गोष्टीचा शेवट गोड करून सांगण्याचा मोह मी टाळतो. २०२५ च्या मिरगात व्यापाऱ्याने आमच्या सतराही घरांना उधार खत नाकारले. "कारखान्याकडून आणा," म्हणाला. बचतगटाने जमेल तेवढे दिले. चार घरे परत त्याच्याकडे गेली. मग सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्याने उभे सोयाबीन कुजवले. पंचनाम्याची यादी लागली, तीत गायरानातले एकही नाव नव्हते. त्या रात्री दादा कुणाला न सांगता व्यापाऱ्याकडून पाच हजार घेऊन आले. मला राग आला. माय म्हणाली, "तुला पगार हाय, बाबा." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांना काही कामे सुचवतो. पहिले, प्रत्येक वस्तीत एक खरा काटा आणि ओलावा मोजण्याचे यंत्र असावे. घरी वजन करून निघालेल्या माणसापुढे "हवा आहे" असे सहज म्हणता येत नाही. दुसरे, ज्यांच्याकडे सातबारा आहे त्यांच्या वारसनोंदी आणि ई-पीक पाहणी महाविद्यालयातील मुलांनी गावोगाव बसून करून द्यावी. मोबाइल मुलांच्या हातात आहे, रान आईबापांच्या. तिसरे, गिऱ्हाईक शोधण्याआधी माल एकसारखा आणि गाडीभर करावा. खात्री दोन्ही बाजूंनी लागते, आणि सांगितल्या दिवशी माल न पोहोचवणाऱ्याकडे चांगला गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. चौथे, मिरगातल्या खताची सोय गटाने हंगामाआधी करावी. आमचा गट नेमका तिथेच फुटला. आणि पाचवे, जे फक्त चळवळच करू शकते : प्रत्यक्ष वहिवाट असलेल्या गायरानधारकाचे आणि बटाईदाराचे पीक पंचनाम्याने नोंदवून त्याला हमीभावाचे केंद्र, विमा आणि नुकसानभरपाई खुली करावी, ही मागणी १९९१ च्या शासननिर्णयाच्या अंमलबजावणीबरोबर पुढे रेटली पाहिजे.

आपल्या चळवळीने पाणवठा मागितला, मंदिर मागितले, शाळा मागितली, जमीन मागितली. बाजार मागायचा राहून गेला. बाजार हा सर्वांना मोकळाच असतो, असे आपण धरून चाललो. तो तसा नाही.

कारखान्याची ती छापील हिशोबपट्टी दादांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवली आहे. तिच्यावर त्यांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि आडनाव पूर्ण लिहिलेले आहे. गावातल्या दुकानाच्या वहीत ते तीस वर्षांत कधी पूर्ण लिहिले गेले नव्हते. पाच हजारांची उधारी फिटली की पुढचा माल कुठे द्यायचा, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही. मीही विचारत नाही. आधी खताची सोय करतो.